टाकीतलं मीठ आणि परतीची फेरी: लाप्लासने डिफरन्शियल इक्वेशन कसं सोडवायचं

मी दाभोळात राहते आणि रविवारी खाडीपलीकडे, शृंगारतळीला, इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी लागलेल्या (पेपर राहिलेल्या) पोरांना शिकवते. धोपाव्याला जाणारी फेरीबोट आहे म्हणून हे जमतं. ती नसती तर चिपळूणवरून वळसा घालण्यातच निम्मा रविवार संपला असता. लाप्लास ट्रान्सफॉर्मही मी या फेरीवरूनच समजावते. अलीकडच्या काठावर डिफरन्शियल इक्वेशन असतं, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे सांगणारं समीकरण. पलीकडे गेलं की त्याचंच आठवीतल्या बीजगणितासारखं समीकरण होतं. तिथे ते सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. जाताना कुणाची फेरी चुकत नाही, चुकते ती येताना. माझीही एकदा शेवटची फेरी चुकली होती. रात्र धोपाव्यात एका विद्यार्थिनीच्या आत्याकडे काढली. कुळथाची पिठी झकास होती, घरी मात्र बोलणी खाल्ली.

एका पोराने पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ह्यो एस कुठनं आला?" प्रश्न बरोबर आहे (तो एस मी इथे स असा लिहिते). आपलं फंक्शन य वेळेवर, म्हणजे ट वर अवलंबून असतं. त्याला ई^(−सट) ने गुणायचं आणि शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करायचं. ट निघून जातो, स उरतो. जे उरलं तो य चा लाप्लास ट्रान्सफॉर्म, त्याला मी ल[य] लिहिते. एकदा स्वतःच्या हाताने १ चा ट्रान्सफॉर्म काढून बघा, १/स येतो. मग ई^(अट) चा काढा, १/(स−अ) येतो. एवढं झालं की इंटिग्रल मिटवा आणि तयार ट्रान्सफॉर्मचं टेबल वापरा. परीक्षेत दर वेळी व्याख्येपासून सुरू करणारा पोरगा वेळेत पेपर सोडवत नाही.

खरा माल दोन ओळींत आहे (य′ म्हणजे य चा डेरिव्हेटिव्ह, बदलण्याचा वेग; य″ म्हणजे त्या वेगाचा डेरिव्हेटिव्ह):

ल[य′] = स·ल[य] − य(०)
ल[य″] = स²·ल[य] − स·य(०) − य′(०)

इंटिग्रेशन बाय पार्ट्स केलं की या ओळी आपोआप पडतात. डेरिव्हेटिव्हच्या जागी स चा गुणाकार आला आणि सुरुवातीची किंमत तिथल्या तिथे समीकरणात शिरली. नेहमीच्या पद्धतीत शेवटी सी-वन, सी-टू हे स्थिरांक शोधत बसावं लागतं, ते इथे नाही. म्हणून य(०) लगेच भरा. "नंतर घालू" म्हणणारे नंतर विसरतात.

आता गणित. आमच्या गच्चीवर ६०० लिटरची टाकी आहे असं धरा. विहीर खाडीला लागून, त्यामुळे उधाणाच्या भरतीला पाणी मचूळ होतं. काल रात्री नेमक्या तशा वेळी टाकी भरली गेली आणि आत १२०० ग्रॅम मीठ आलं. सकाळी नळ आला. गोडं पाणी तासाला ६०० लिटर आत येतंय आणि तेवढंच वापरात बाहेर जातंय. दोन तासांनी नळ गेला. लगेच विहिरीवरचा पंप लावला, वेग तोच. आता भरती उतरलेली, त्यामुळे विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १ ग्रॅमच मीठ. आकडे फळ्यासाठी सोयीचे घेतलेत, आणि टाकीतलं पाणी सतत नीट मिसळतंय असं मानलंय.

य म्हणजे टाकीतलं मीठ ग्रॅममध्ये, ट तासांत. दर तासाला टाकीएवढं पाणी बाहेर जातं, म्हणून मीठ −य या वेगाने बदलतं. दोन तासांनंतर ६०० ग्रॅम ताशी आत येऊ लागतं:

य′ + य = ६००·उ(ट−२), य(०) = १२००

उ(ट−२) हे लाईटचं बटण समजा. दोन तास होईपर्यंत शून्य, मग एक. हे बटण गणितात रुजवलं ऑलिव्हर हेविसाइडने (१८५०–१९२५). कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा इंग्रज तार कंपनीतल्या कामातून वर आला. तारेच्या केबलमधून विजेचा संदेश कसा जातो हे सोडवताना त्याने डेरिव्हेटिव्हला सरळ एक अक्षर मानून गुणाकार-भागाकार केले. गणितवाले वैतागले, पण उत्तरं बरोबर येत होती. त्याच्या या पद्धतीला फ्रेंच गणिती लाप्लासच्या (१७४९–१८२७) इंटिग्रलचा पाया नंतर मिळाला. मला विचाराल तर या धड्यावर हेविसाइडचंही नाव हवं होतं.

पलीकडे जाऊ. टेबलात उ(ट−२) च्या समोर ई^(−२स)/स आहे.

स·ल[य] − १२०० + ल[य] = ६००·ई^(−२स)/स

ल[य] एकीकडे घ्या:

ल[य] = १२००/(स+१) + ६००·ई^(−२स)/(स(स+१))

इथपर्यंत वर्गातल्या सगळ्यांचं बरोबर येतं. आता परतीची फेरी.

१/(स(स+१)) टेबलात सापडणार नाही, तो फोडायचा. हेविसाइडचीच युक्ती: खालचा स अंगठ्याने झाका आणि उरलेल्यात स = ० घाला, १ आलं. मग (स+१) झाका आणि स = −१ घाला, −१ आलं. म्हणजे १/स − १/(स+१). अंगठा खरोखर वहीवर ठेवा, लाजू नका. खाली (स+१)² सारखा वर्ग असेल तर मात्र अंगठ्याने सगळं भागत नाही. तिथे वर्गाचा तुकडा आणि एकेरी तुकडा दोन्ही वेगळे लिहावे लागतात.

ई^(−२स) ला फोडताना हात लावायचा नाही, तो बाजूला उभा राहू दे. त्याचा अर्थ एवढाच, की मागून जे काही येईल ते दोन तास उशिरा सुरू होईल. उत्तर:

य = १२००·ई^(−ट) + ६००·उ(ट−२)·(१ − ई^(−(ट−२)))

दर वर्षी निम्मी पोरं शेवटच्या कंसात ई^(−ट) लिहितात. बटण लावलं की काम झालं असं त्यांना वाटतं. अशा वेळी मी लाल पेन घेत नाही, टाकीत डोकावायला सांगते. ट = २ ला पहिल्या पदातून १६२ ग्रॅम येतात. बरोबर उत्तरात दुसरं पद त्या क्षणी शून्य आहे, म्हणजे टाकीत १६२ ग्रॅम. चुकीच्या उत्तरात त्याच क्षणी ६००·(१ − ई^(−२)), म्हणजे ५१९ ग्रॅम मीठ एकदम वाढतं. पंप आत्ता कुठे सुरू झाला, मग अर्धा किलो मीठ आभाळातून पडलं काय? हे एकदा हसून झालं की ती चूक पुन्हा होत नाही.

उलट दिशेचीही एक चूक आहे. उजवीकडे ट·उ(ट−२) असेल तर थेट ई^(−२स)/स² लिहू नका. आधी ट ला (ट−२) + २ असं मांडा, मग ई^(−२स)·(१/स² + २/स) येईल.

आणखी एक तपासणी फुकटात मिळते. स·ल[य] मध्ये स खूप मोठा केला की सुरुवातीची किंमत यायला हवी, इथे १२०० येते. स शून्याकडे नेला की शेवटी स्थिरावणारी किंमत येते, ६००. विहिरीचं पाणी लिटरमागे १ ग्रॅमचं आणि टाकी ६०० लिटरची, तेव्हा पटतंय. ही दुसरी तपासणी उत्तर खरंच स्थिरावत असेल तरच वापरा. झोके घेतच राहणाऱ्या उत्तराला ती खोटा आकडा देते.

झोक्यांवरून होडी आठवली. वर्गात एका खारव्याचा मुलगा आहे, त्याला टाकीपेक्षा होडी लवकर कळते. धक्क्याला बांधलेली होडी एका बाजूला कलवून सोडली, आता य म्हणजे तिचा कल:

य″ + २य′ + ५य = ०, य(०) = १, य′(०) = ०

पलीकडे ल[य] = (स+२)/(स²+२स+५). खालच्याचे अवयव पडत नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग करा: (स+१)² + ४. आता वरच्यालाही (स+१) च्या भाषेत बोलायला लावा: (स+१) + १. पहिला तुकडा कॉसचा, दुसरा साइनचा. साइनला वर २ हवेत, आहे १, म्हणून अर्धा:

य = ई^(−ट)·(कॉस २ट + ½ साइन २ट)

पोरगा म्हणाला, "मॅडम, आमची होडी एवढ्या लवकर थांबत नाय." खरं आहे. मधला २ कमी करायला हवा. समीकरणाकडे असं बघणारा पोरगा केटीत का अडकला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ही फेरी सगळीकडे जात नाही. समीकरणात य² किंवा साइन य आला तर लाप्लास उपयोगाचा नाही. गुणकात ट असेल तर पलीकडे गेल्यावरही डेरिव्हेटिव्हच वाट बघत असतो.

घरी करायला: टाकीचंच गणित, पण पाचव्या तासाला पंप बंद करून पुन्हा गोड्या पाण्याचा नळ सुरू. उजवीकडे ६००·(उ(ट−२) − उ(ट−५)) येईल. सहाव्या तासाला टाकीत सुमारे २१३ ग्रॅम मीठ यायला हवं. नाही आलं तर ट−५ असलेला कंस पुन्हा बघा.