विठ्ठलाशी रोजची गाठ कशी ठेवावी

सुरुवात जागेपासून करा. देवघर असेल तर चांगलंच. नसेल तर भिंतीला खिळा ठोकून विठ्ठल-रखुमाईची तसबीर लावा, आणि एकदा लावली की हलवू नका. घराला रंग देताना उतरवली तरी परत त्याच खिळ्याला अडकवा.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवते. दळण टाकून थांबलेल्या बाया विचारतात, "अक्का, एवढ्या आवाजात, एवढ्या व्यापात तुमचं मन ठिकाणावर कसं राहतं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. मला हे सासूबाईंनी दिलं, त्यांना त्यांच्या आईनं.

आमच्याकडे सोयाबीनला भाव आला की घर हसतं, पडला की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मुलाचा फोन आला तर दिवस चांगला, नाही आला तर जेवण जात नाही. ज्याच्यावर मन टेकवलेलं असतं तेच हलत असतं, मग मन कसं थांबणार? पंढरीचा पांडुरंग मात्र विटेवर उभा आहे. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता, देव दाराशी आला, पुंडलिकानं वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला तो अजून थांबलेलाच आहे. आरतीत आपण अठ्ठावीस युगं म्हणतो. मन टेकवायचं ते अशा थांबलेल्यावर, आणि रोज टेकवायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

जागेनंतर वेळ. मी दिवेलागणीची धरली आहे. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं की गिरणीची वेळ बदलते, पण दिवेलागणीला मी तसबिरीपुढे असते. तुम्हाला पहाट जमत असेल तर पहाट धरा. रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर अंघोळ झाली की बसा. वेळ लहान ठेवा, पण तीच ठेवा. सवड मिळेल तेव्हा करू म्हणणाऱ्याला सवड मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

दिवा लावला की लगेच म्हणायला सुरुवात करू नका. आधी पाहा. बहुतेकजण नेमकं हेच सोडतात, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. तुकोबारायांचा 'सुंदर ते ध्यान' हा अभंग आपल्या सगळ्यांना पाठ असतो, पण तो कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा. आधी वीट. मग कमरेवरचे हात. मग गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर. मग कानातली मकरकुंडलं, कंठातला कौस्तुभ. श्रीमुख अगदी शेवटी येतं. सासूबाई मला याच क्रमानं पाहायला लावायच्या. विटेवर नजर ठेवायची, तिथे जुळलेले दोन पाय दिसतात, तिथे थोडं थांबायचं. मग सावकाश वर. हातांपाशी पुन्हा थांबायचं. घाईनं तोंडाकडे गेलेली नजर तिथे टिकत नाही, लगेच घरातल्या कामाकडे वळते. पायांपासून चढत गेलेली नजर टिकते. काही महिन्यांनी तसबीर समोर नसतानाही हे ध्यान डोळ्यांपुढे येऊ लागतं. एसटीत बसल्या बसल्या, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. आलं की तिथेही पायांपासूनच सुरू करा.

मग हरिपाठ. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे 27 अभंग आहेत. नुसते वाचले तर 20-25 मिनिटं लागतात, मंडळात चालीवर, टाळावर म्हटले तर जास्त. नव्या माणसानं एकदम सगळे धरू नयेत. पहिला 'देवाचिये द्वारी' घ्या आणि तो बिनचूक पाठ होईपर्यंत तोच म्हणा. त्यात देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगितलं आहे, आणि आपण तसबिरीपुढे नेमकं तेवढंच करत असतो. मग दुसरा जोडा. प्रत्येक अभंगानंतर 'हरि मुखे म्हणा' हे ध्रुपद पुन्हा येतं, ते गाळू नका. मन भटकलेलं असलं तरी ध्रुपदापाशी परत येतं.

मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं आपलं आपल्यालाच कळत नाही, दोन ओळींनंतर विचार दुसरीकडे जातो आणि ओठ थांबल्याचंही ध्यानात येत नाही. आवाज चांगला नसला तरी चालतो. घरात कुणी टीव्ही लावून बसलं असेल तर भांडू नका, दार ओढून घ्या आणि म्हणा. आमच्या घरी नातू आधी नुसता बघत बसायचा, आता टाळ मागतो.

हरिपाठ झाला की 'रामकृष्णहरी' ची एक माळ. तुळशीची, 108 मण्यांची. गळ्यातली माळ वेगळी आणि जपाची वेगळी ठेवावी. गळ्यात माळ घालायची असेल तर फडावरच्या (फड म्हणजे एका परंपरेतल्या वारकऱ्यांचा समूह) किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून घाला. त्यांना नियम विचारून घ्या: मांसाहार, दारू बंद, एकादशी धरायची. हे पाळायची तयारी नसेल तर थांबा. माळेवाचूनही नाम चालतं.

दिवसाचं काय करायचं? मी गिरणी सुरू केली की पट्ट्याचा आवाज एका लयीत येतो, त्यावर नाम धरते. ज्वारी असो, गहू असो, डाळीचं पीठ असो, हात आपलं काम करतात. हिशेब करताना मात्र नाम सोडते, कारण पैसे मोजताना चूक झाली तर समोरच्याचं नुकसान होतं. तुमचं काम शिवणाचं असेल, भाजी निवडण्याचं असेल, गाडी चालवण्याचं असेल, त्यातली जी लय आहे तिच्यावर नाम बसवा.

आता वाईट दिवसांचं. इथेच बरेच जण नेम सोडतात. मन लागत नाही, मग म्हणून काय उपयोग, असं वाटतं. मालक गेले तेव्हा माझं बसायला मन होत नव्हतं. सुतकात देवपूजा बंद होती, तसबिरीला हात लावायचा नव्हता. सासूबाई त्यांच्या मुलाच्या दुःखात होत्या, तरी संध्याकाळी भिंतीला टेकून त्यांनी हरिपाठ सुरू केला. नामाला सुतक नसतं, एवढंच म्हणाल्या. त्या दिवसांत माझ्या तोंडून शब्द नीट उमटत नव्हते, पण म्हणत राहिले. दुःख गेलं असं मी सांगणार नाही, ते आजही आहे. पण दिवसाच्या शेवटी जिथे जायचं ती जागा होती, आणि तिथे जो उभा होता तो काल होता तसाच होता. म्हणून मन लागो न लागो, वेळ झाली की बसा. राग आला असेल तर रागातच बसा. देवावरच राग असेल तर त्याच्या पायांकडे बघून तेच बोला आणि मग पहिला अभंग सुरू करा.

बायकांचा आणखी एक प्रश्न असतो, चार दिवसांत नाम घ्यावं का? घ्या. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात विटाळावरच प्रश्न केला आहे: देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण? पूजेला हात लावायचा की नाही ते आपल्या घराप्रमाणे ठरवा, नाम मात्र थांबवू नका.

एकादशी महिन्यातून दोनदा येते. फराळाच्या तयारीतच दिवस गेला तर एकादशी झाली असं मी मानत नाही. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असेल, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा आणि गरज असेल तर जेवा, त्या दिवशी हरिपाठ दोनदा म्हणा.

वर्षातून एकदा तरी पंढरपूरला जा. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार यात्रा आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं गर्दी नसलेला साधा दिवस निवडावा. आधी चंद्रभागेत स्नान करा, मग पुंडलिकाचं दर्शन घ्या. महाद्वारात नामदेव पायरी आहे, तिच्यावर पाय ठेवू नका, माथा टेका. समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आत जाता आलं नाही. हे दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं आणि दार उघडलं. तिथे उभं राहून मला दर वेळी वाटतं, बदलायचं होतं ते दाराला आणि दारातल्या माणसांना. आतला तर चोखोबांचाही तेवढाच होता.

रांगेत ताकद असेल तर पायावर डोकं ठेवायला जा, नसेल तर मुखदर्शनाच्या रांगेनं जा, ती लवकर सरते. आषाढीला कित्येक वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात, त्यांची वारी पुरी होते. मार्च 2020 मध्ये मंदिर बंद झालं, त्या वर्षी पायी वारी झाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला नेल्या. आमच्या गावात कितीतरी वर्षं न चुकलेली माणसं अंगणात बसून रडली. त्यांना मी म्हटलं, तुमची वाट अडली, तो कुठे हलला आहे?

कुणी विचारतं, मूर्तीची झीज होते, पायांना वज्रलेप, म्हणजे झीज थांबवायचा लेप, करावा लागतो, मग न बदलणारा तो कसा? पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोकं टेकलं म्हणून दगड झिजला. झिजला तो दगड. येणाऱ्यासाठी उभं राहणं झिजलेलं नाही. आणि बघा, त्याच्यावर आपली माया किती आहे: आषाढीत देवाचा पलंग काढतात, देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो, पाठीशी लोड देतात, आणि यात्रा सरली की प्रक्षाळ पूजेत गरम पाण्यानं स्नान घालून त्याचा शीण काढतात. युगानुयुगं उभा असलेला दमत नाही हे ठाऊक असूनही आपण हे करतो. तुमच्या तसबिरीलाही तसंच करा. उन्हाळ्यात पाणी ठेवा, थंडीत शाल घाला. ज्याची काळजी घेतो त्याच्यापाशी मन आपणहून जातं.

घरचा नेम बसला की गावातल्या हरिपाठ मंडळात जा, आणि सप्ताह बसला की पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी, मागून घ्या. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्याकडे दुपारचे पहारे बायांकडे असतात. वेळेच्या थोडं आधी जा, हातपाय धुऊन बुक्का लावा. आधी वीण्याला नमस्कार करा, देणाऱ्याच्या पाया पडा, तोही तुमच्या पडेल. वीणा गळ्यात आली की देवापुढे उभं राहून नाम सुरू ठेवा. पुढचा पहारेकरी यायला उशीर झाला तर वीणा टेकवायची नाही, कुणाला हाक मारायची नाही, तो येईपर्यंत उभं राहायचं.