वादळात वीज जाण्यापूर्वीची तयारी, आणि सिलिंडरची चावी

मागच्या वादळात माझ्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर उभे होते आणि तरीही मला चाळीस मिनिटे ऑक्सिजन मिळाला नाही, कारण ते उघडण्याची चावी घरात नव्हती. ती रिकाम्या सिलिंडरच्या मानेला अडकवलेली होती आणि आठवडाभरापूर्वी त्याच्याबरोबरच निघून गेली होती. रात्री दोन वाजता वीज गेली, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे विजेवरचे यंत्र) बंद पडला, आणि ताई दातांत टॉर्च धरून पकडीने व्हॉल्व्हचा चौकोनी दांडा फिरवू लागली. पकड दर वेळी निसटत होती आणि माझ्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९१ वरून ८४ वर आला. शेवटी शेजाऱ्यांनी पाना आणला तेव्हा कुठे सिलिंडर उघडले. म्हणून आधी चावी, बाकीचे सगळे नंतर.

चाव्या दोन असाव्यात. एक पलंगाच्या कठड्याला दोरीने बांधावी, दुसरी रेग्युलेटरच्या पिशवीत ठेवावी. सिलिंडरच्या मानेला एकही नको. रेग्युलेटर आणि नळी वादळाचा इशारा येताच जोडून घ्यावी, वायसर जागेवर आहे ना ते पाहावे, आणि चावीने व्हॉल्व्ह एकदा खरोखर उघडून रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा हलतो का हे डोळ्यांनी पाहावे. दांडा घट्ट वाटला तरी चावीला किंवा व्हॉल्व्हला तेल, ग्रीस कधीही लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकते. याच कारणाने त्या खोलीत मेणबत्ती किंवा दिवा लावू नये.

सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशेब आधीच कागदावर लिहून भिंतीला लावावा, कारण धाप लागलेल्या माणसाला गुणाकार जमत नाही. १० लिटर पाणी मावेल एवढ्या क्षमतेचे सिलिंडर १५० बार दाबापर्यंत भरलेले असेल तर त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो साडेबारा तास पुरतो, ४ लिटर लागत असेल तर सव्वासहा तास. त्यातला शेवटचा भाग हिशेबात धरू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवू किंवा कमी करू नये.

इन्व्हर्टरवर विसंबून राहणाऱ्यांना मला थोडे कठोरपणे सांगावेसे वाटते. मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॅट घेतो, आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पाच तास चालली तरी प्रत्यक्षात त्याहून बरीच लवकर उतरते. चांगली वीज असताना मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बघा. त्याशिवाय तो आकडा खरा मानू नका. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून दूरच चालवावा, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विद्युत व्हीलचेअर इशारा येताच पूर्ण चार्ज करावी. त्याला रात्रभर लागते. खुर्चीची मोटर चाकांपासून मोकळी करण्याचा खटका कुठे आहे हे सोबतच्या माणसाला दाखवावे, नाहीतर बॅटरी उतरल्यावर ती जड खुर्ची दारातच अडकून बसते. मात्र उतारावर तो खटका ओढू नये, ब्रेक राहत नाहीत. साध्या व्हीलचेअरच्या चाकांतली हवा तपासावी. लिफ्ट चालणार नाही, तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आधीच खाली येण्याचा विचार करावा.

अंगावर एकाच जागी दाब पडू नये म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीचा पंप थांबला की गादी हळूहळू बसते आणि त्वचेची संवेदना नसलेल्या माणसाला ते कळतही नाही. घड्याळाचा गजर लावून दर दोन तासांनी कूस बदलावी आणि फोमची गादी हाताशी ठेवावी. विजेवरचा पलंग वीज असतानाच सोयीच्या उंचीवर आणून ठेवावा.

टॉर्च, पाणी, औषधे, पॉवर बँक हे सांगायला नको. फ्रिज उघडू नये. बंद ठेवल्यास साधारण चार तास थंड राहतो. श्रवणयंत्राचे सेल घ्यावेत, आणि ओठ वाचून समजून घेणाऱ्याशी बोलताना टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर धरावा. फोन नंबर कागदावर. घरात श्वासाचे यंत्र आहे हे वीज कंपनीला आधी लेखी कळवावे.

वीज आल्यावर यंत्रे पाच मिनिटांनी एकेक करून लावावीत. वापरलेले सिलिंडर त्याच दिवशी भरायला द्यावे, आणि ते दाराबाहेर जाण्यापूर्वी पलंगाच्या कठड्याला हात लावून चावी तिथे आहे ना हे पाहावे.