मटार किती, घेवडा किती लावायचा?

मटार लावताना आधी टरफलांचा हिशेब करा. किलोभर शेंगा सोलल्या की दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात, आणि एका रोपाला धरतात मूठ-दोन मूठ शेंगा. चौघांना एकवेळची उसळ हवी तर वीस-पंचवीस रोपं तरी लागतात. दोन-चार कुंड्यांत भागत नाही. ऑक्टोबरअखेरीपासून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरा, म्हणजे सगळा मटार एकदम तोडणीला येणार नाही.

श्रावणघेवड्याची शेंग अख्खी पोटात जाते, म्हणून माणशी चार-पाच झुडपं पुरतात. मांडवावरच्या वालपापडीचा मात्र एकच वेल लावा, फार तर दोन. थंडीत शेंगा शेजारीपाजारी वाटाव्या लागतात! जागा कमी असेल तर मी मटार सोडून वालच निवडेन.