विंडोज ११ वर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालेना? आधी हे बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि लालबाग-परळच्या छोट्या ऑफिसांत एकच रड सुरू झाली, नवा पीसी आणला पण जुनं बिलिंग उघडेना. लगेच फॉरमॅट मारू नका.

आधी सॉफ्टवेअर किती बिटचं आहे ते बघा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यात ३२ बिटचं चालतं पण १६ बिटचं अजिबात नाही, मग कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या विंडोजसारखं चालवायची सेटिंग) कितीही डोकं फोडा. डॉसवालं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या स्क्रीनचं असेल, तर डॉसबॉक्स हा डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम वापरून बघा.

सॉफ्टवेअर उघडतंय पण डेटाबेस कनेक्ट होत नाही? मग ओडीबीसी, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी विंडोजची सेटिंग बघा. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचीच एंट्री लागते आणि तिची सेटिंग विंडोजच्या सिसवाव६४ (SysWOW64) फोल्डरमध्ये असते, ६४ बिटवाली सिस्टम३२ (System32) मध्ये, हो, उलटंच आहे, मायक्रोसॉफ्टची कृपा.

सर्व्हरचं शेअर्ड फोल्डर दिसत नसेल तर नावाऐवजी सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता टाकून बघा, उघडलं तर घोळ नावाचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा (डीएनएस वगैरे). तरीही नाही उघडलं तर जुना नॅस (नेटवर्कला जोडलेला फाइल ठेवायचा डबा) एसएमबी १ वर, म्हणजे फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीवर अडकलेला असू शकतो. कोणीतरी सांगेलच की एसएमबी १ चालू कर, पण करू नका राव, २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून पसरला होता. नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा आणि गेस्ट लॉगिनऐवजी (पासवर्डशिवाय आत शिरणं) प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या.