डोळा घडवायला बसलो आणि डोळाच मिटला

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी संगणकावर डोळ्याची उत्क्रांती करायला घेतली. प्रकाश जाणणाऱ्या पेशींचा एक सपाट ठिपका. तो किती खोल जातो आणि वरचं भोक किती मोठं, एवढीच दोन जनुकं. जीव दोनशे. ज्याला रेखीव दिसेल त्याला पिल्लं जास्त. रात्री प्रोग्राम लावून झोपलो. सकाळी बघतो तर दोनशेच्या दोनशे जणांची भोकं बुजत आलेली!

कोडमध्ये चूक नव्हती. भोक जितकं लहान तितकं चित्र रेखीव, हे मीच शिकवलं होतं. आत उजेड किती येतो, ते विचारलंच नव्हतं. सरासरी शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात तिथे दहाएक इकडेतिकडे होणारच. भोक आवळलं की चित्र या गोंधळातच हरवतं. हा हिशेब जीवांना दिसण्याबद्दल मिळणाऱ्या गुणांमध्ये घातला तेव्हा भोक मध्येच एका मापाला थांबलं. नॉटिलस या शंखवाल्या समुद्री जीवाचा डोळा असाच आहे, भिंगाविना. मग भिंगाचं जनुक दिलं, आणि भोक पुन्हा मोठं होऊ लागलं. भिंग कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी खरं कळलं.

तुम्हाला असं काही करून बघायचं असेल, तर डोळ्याच्या उत्क्रांतीला किती काळ लागेल यावरचा निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांचा १९९४चा निबंध आधी वाचा. ‘त्यांनी संगणकावर डोळा घडवला’ असं बरेच जण सांगतात. त्यात सिम्युलेशन नाहीच, गणित आहे. सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत १ टक्क्याची १,८२९ पावलं. १.०१चा १,८२९वा घात काढून बघा, सुमारे ८ कोटी येतो, म्हणजे एकूण बदल तितक्या पट. पिढीमागे ०.००५ टक्के बदल धरला की ३,६३,९९२ पिढ्या. आणि हा अंदाज मुद्दाम हात आखडून केलेला!

२०२५मध्ये एमआयटीच्या गटाने (मूळचे नाशिकचे रमेश रासकर त्यात आहेत, आणि निल्सनही) गुण चित्राला दिले नाहीत, जीवाला काम दिलं. वाट काढायची असेल तर कीटकांसारखे विखुरलेले डोळे आले, वस्तू ओळखायची असेल तर कॅमेऱ्यासारखे.

सुरुवातीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिचं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय आणि बारावीचं प्रकाशशास्त्र पुरतं. त्रिमितीच्या नादी लागू नका. रँडम सीड, म्हणजे प्रोग्राममधले यादृच्छिक आकडे ज्यावरून ठरतात तो सुरुवातीचा आकडा, मात्र बदलत राहा. मी सरांना एकच देखणा रन दाखवला होता. त्यांनी सीडमधल्या ४२चे ४३ केले, आणि भिंग आलंच नाही.