रंग पाहून नव्हे, जोडी पाहून अंडी ठेवा

बदकांची उबवणीची अंडी गोळा करायच्या तीन आठवडे आधीच जोड्या वेगळ्या कोंडा. नराचं बीज मादीच्या पोटात एक-दोन आठवडे टिकून राहतं. आज नर बदलला तरी सुरुवातीची अंडी जुन्याचीच निघू शकतात, आणि मग रंगाचा सगळा हिशेब चुकतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पांढऱ्याचा. पेकिन या पांढऱ्या बदकाच्या जातीचा पांढरा रंग सुप्त असतो. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच पिल्लू पांढरं होतं. रंगीत जोडीच्या पिल्लांत एखादं पांढरं पिल्लू निघालं की अंडी बदलली गेल्याचा संशय येतो. अंडी बहुधा तीच असतात, फक्त दोघांच्याही पोटात पांढरा लपलेला असतो. एखाद्या रंगीत नराबद्दल शंका असेल तर त्याला पांढऱ्या मादीकडे सोडा. सात-आठ पिल्लं सगळी रंगीत निघाली तर नर जवळपास नक्की स्वच्छ, म्हणजे त्याच्यात पांढरा लपलेला नाही. एक जरी पांढरं निघालं तर त्याच्यात पांढरा आहेच, पुढे तपासायची गरजच नाही. वय झालेल्या काळ्या मादीच्या अंगावर दिसणारी पांढरी पिसं मात्र या हिशेबात धरू नका, ती वयाची असतात.

निळा गुणिले निळा म्हणजे सगळी निळी, असं होत नाही. सरासरी पाव काळी, निम्मी निळी, पाव फिकट चंदेरी निघतात. सगळीच निळी हवी असतील तर काळ्याला चंदेरी जोडा.

तपकिरी रंग सगळ्यात कामाचा, कारण तो लिंगाशी बांधलेला आहे. मादीला त्याचं जनुक फक्त बापाकडून मिळतं. म्हणून खाकी कॅम्पबेल या तपकिरी जातीचा नर आणि रानबदकाच्या रंगाची मादी अशी जोडी लावली की मुली तपकिरी लवेच्या आणि मुलगे गडद निघतात. लव वाळली की नर-मादी वेगळे करता येतात. उलटी जोडी लावली तर सगळी गडदच, उपयोग शून्य.

मस्कोव्ही बदकाला यात ओढू नका. ती जातच निराळी, आणि साध्या बदकाशी तिचा संकर झालाच तर ती पिल्लं पुढे विणीच्या कामाची नसतात.

नराची निवड पिसं झडायच्या दिवसांत करू नका. तेव्हा हिरव्या डोक्याचा नरसुद्धा मादीसारखा मळकट दिसतो. शेपटीवरचं वळलेलं पीस परत येईपर्यंत थांबा. पिल्लांच्या पायात कडी घालाल ती जोडीनुसार वेगळ्या रंगाची, आणि पाय वाढतील तशी बदला.