ट्रेबुशे बनवताय? वजन वाढवण्याआधी गोफण तपासा

ट्रेबुशे म्हणजे आसावर फिरणाऱ्या भुजेच्या एका टोकाचं वजन खाली आलं की दुसऱ्या टोकाच्या गोफणीतून चेंडू फेकणारं यंत्र. विज्ञान प्रदर्शनासाठी ते बनवणाऱ्या मुलांचा चेंडू लांब गेला नाही की पहिला उपाय ठरलेला असतो: वजनाच्या पेटीत आणखी वाळू भरा! मग चौकट डुगडुगते, आस वाकतो आणि चेंडू पडतो पुन्हा तिथेच. बहुतेक वेळा दोष गोफणीत आणि तिचा फास अडकवलेल्या खिळ्यात असतो, म्हणून आधी तिथे बघा.

गोफणीची एक दोरी भुजेच्या टोकाला पक्की बांधलेली असते. दुसरीचा फास खिळ्यावर नुसता अडकवलेला असतो आणि तो योग्य क्षणी निसटावा लागतो. चेंडू सरळ वर किंवा मागे गेला तर फास लवकर सुटतोय. खिळा फेकीच्या दिशेने किंचित वाकवा. चेंडू समोरच जमिनीत आपटला तर फास उशिरा सुटतोय. खिळा थोडा सरळ करा. गोफण आखूड असली तरी चेंडू लवकर सुटतो, फार लांब असली तर उशिरा. सुरुवातीला ती भुजेच्या लांब भागाएवढी ठेवा. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण केलं की चेंडू कोणत्या कोनात सुटतो ते स्पष्ट दिसतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही.

आपल्याकडे सुंभ सहज मिळतो, पण गोफणीला तो वापरू नका. तो खरखरीत असतो, ताणला जातो आणि फास खिळ्यावर अडकतो. जाळ्याचा नायलॉन दोरा चांगला. फासाच्या जागी छोटी गुळगुळीत कडी बांधा. खाऱ्या हवेत खिळा लवकर गंजतो, म्हणून प्रत्येक सत्राआधी पॉलिश पेपरने घासा. पुळणीवर चाचणी घेणार असाल तर आसाला तेल चोपडू नका, त्यात वाळू चिकटते.

भुजा जड असेल तर बरीच ऊर्जा तिलाच फिरवण्यात जाते. माणग्याची (बांबूची) वाळलेली सरळ काठी जाड फळीपेक्षा बरी. आसापासून लांब आणि आखूड भागाचं प्रमाण 4:1च्या आसपास ठेवा. वजन भुजेला घट्ट ठोकण्यापेक्षा टांगतं ठेवा, म्हणजे ते अधिक सरळ खाली येतं.

फेकायला सुपाऱ्या घेऊ नका. प्रत्येकीचं वजन वेगळं, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. टेनिसचा चेंडू सुमारे 60 ग्रॅमचा असतो. त्याला 6 किलो वजन पुरतं. ते अर्धा मीटर खाली आलं तर आदर्श पल्ला, म्हणजे ऊर्जा अजिबात वाया गेली नाही तर चेंडू जाईल ते अंतर, 2 × (6 ÷ 0.06) × 0.5 = 100 मीटर. तुमचा चेंडू 40 मीटर गेला तर कार्यक्षमता ढोबळमानाने 40 टक्के. मला विचाराल तर प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. उरलेली ऊर्जा कुठे गेली, हे वहीत नक्की लिहा.

चेंडू मागेही उडू शकतो, म्हणून यंत्राच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहू नये. कळ लांब दोरीने, बाजूने ओढा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हलका चेंडू भरकटतो. मोजमापं सकाळी लवकर उरका.